स्वतंत्र कलाकाराने आपलं गाणं स्ट्रीमिंगवर कसं आणावं

गाणं रेकॉर्ड झालं, मिक्स होऊन हातात आलं, जवळच्या चार लोकांनी ऐकून शाबासकीही दिली. आता ते स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, ॲमेझॉन म्युझिक अशा सगळीकडे दिसावं असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी आज कुठल्या रेकॉर्ड कंपनीचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. फोनवरून अर्ध्या तासात गाणं पाठवता येतं. पण त्या अर्ध्या तासात घाईघाईने भरलेली नावं, टक्के आणि तारखा पुढे कित्येक वर्षं गाण्याला चिकटून राहतात. पैसा कुणाकडे जाणार, गाणं कुणाच्या नावाखाली दिसणार, उद्या गाणं पोचवणारी सेवा बदलली तर आजवरचे स्ट्रीम, म्हणजे गाणं जितक्या वेळा ऐकलं गेलं तो आकडा, सोबत येणार का, हे सगळं तिथेच ठरतं. म्हणून इथे अपलोडच्या आधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे. नवख्या कलाकाराचं सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं, आणि ते टाळणं पूर्णपणे त्याच्या हातात असतं.

पहिली पायरी: गाणं कुणाचं, ते कागदावर आणा

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली रचना, म्हणजे शब्द आणि चाल. ती गीतकाराची आणि संगीतकाराची. दुसरी त्या रचनेचं विशिष्ट रेकॉर्डिंग, ज्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. मास्टर बहुतेक वेळा रेकॉर्डिंगचा खर्च करणाऱ्याचं असतं, पण कायदा देशागणिक बदलतो आणि करारात वेगळं लिहिलं असेल तर तो करार बघावा लागतो. तीच चाल उद्या दुसऱ्या गायिकेने नव्याने गायली, तर रचना जुनीच राहते आणि मास्टर नवं होतं. स्ट्रीमिंगचे पैसे याच दोन वाटांनी येतात. एका वाटेचा पत्ताच नसल्यामुळे अनेकांचे पैसे कुठेतरी पडून राहतात.

म्हणून रेकॉर्डिंग संपायच्या आत एक पानाचं वाटणीपत्र तयार करा. त्यात गाण्याचं नाव आणि तारीख लिहा. मग प्रत्येकाचं अधिकृत कागदपत्रांवरचं नाव, टोपणनाव, त्याने काय केलं, रचनेत त्याचा किती टक्के वाटा आणि मास्टरमध्ये किती, हे लिहा. दोन्ही रकान्यांची बेरीज वेगवेगळी १०० व्हायला हवी. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. व्हॉट्सॲपवर ‘बघू नंतर, आपलेच तर आहोत’ असं म्हणून हे टाळू नका. गाणं चाललं नाही तर वाद होत नाही. ते चाललं की मात्र प्रत्येकाला आपलं योगदान नीट आठवायला लागतं, आणि त्यात कुणी खोटं बोलत असतं असंही नाही. कडवं सुचवणाऱ्याला ते कडवं मोठं वाटतं, ठेका बसवणाऱ्याला ठेका.

संगीत संयोजकाबद्दल आणि वादकांबद्दल खास सांभाळा. वादकाला ठरलेलं मानधन देऊन विषय संपतो की त्याला मास्टरमध्ये वाटा आहे, हे एका ओळीत लिहून घ्या. स्टुडिओने किंवा साउंड इंजिनिअरने सवलतीत काम केलं असेल, तर त्या सवलतीच्या बदल्यात काही हक्क अपेक्षित आहे का, हे आधीच तोंडावर विचारा. आणि प्रत्येकाचं नाव श्रेयात येईल याची हमी द्या. वादकाचं नाव गाळून त्याच्याकडून पुढच्या गाण्याला मनापासून वाजवण्याची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

इंटरनेटवरून घेतलेला तयार बीट (ठेका आणि वाद्यांचा ट्रॅक) वापरला असेल तर त्याचं लायसन्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बहुतेक स्वस्त लायसन्सं ‘नॉन-एक्सक्लुझिव्ह’ असतात. म्हणजे तोच बीट इतर कितीही जणांना विकला जाऊ शकतो. शिवाय अनेकांत स्ट्रीमची मर्यादा असते आणि ती ओलांडली की नवं लायसन्स घ्यावं लागतं. दुसऱ्याच्या गाण्याचा दोन सेकंदांचा तुकडा कापून वापरला असेल, तर त्यासाठी रचनेच्या मालकाची आणि मास्टरच्या मालकाची, अशा दोन परवानग्या लागतात. ‘अमुक सेकंदांपर्यंत चालतं’ ही ऐकीव समजूत आहे, तिच्यावर विसंबू नका. दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन टाकायचं असेल तर मास्टर तुमचं होतं, पण रचनेसाठी परवाना लागतोच. लोकगीत किंवा जुनी पारंपरिक बंदिश घेतली तर मूळ रचना खुली असू शकते, मात्र अलीकडे कुणी केलेली तिची मांडणी खुली असेलच असं नाही.

दुसरी पायरी: फाइल आणि चित्र

इथे फार वेळ घालवायला नको. इंजिनिअरकडून वेव्ह फाइल घ्या, किमान १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ, २४ बिट मिळाली तर उत्तम. एमपीथ्रीची वेव्ह करून पाठवू नका, गेलेला तपशील त्यातून परत येत नाही. सोबत वाद्यसंगीताची वेगळी फाइल आणि वेगवेगळे ट्रॅकही मागून ठेवा. पुढे जाहिरातीसाठी किंवा चित्रपटासाठी कुणी गाणं मागितलं तर पहिली विचारणा त्यांचीच होते.

आवाजाच्या पातळीबद्दल एक गोष्ट. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे गाणी उणे १४ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) या पातळीला आणून वाजवतं, ॲपल म्युझिकची साउंड चेक ही आवाज सारखा करणारी सोय उणे १६ च्या आसपास. त्यामुळे इतरांपेक्षा मोठ्याने वाजावं म्हणून मास्टर चेपून सपाट करण्यात काही हशील नाही. सेवा ते खाली ओढणार, आणि चेपल्यामुळे गेलेला जिवंतपणा गेलेलाच राहणार. सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा, म्हणजे फाइल दाबून लहान करताना आवाज फाटत नाही. त्यापुढचं सगळं कानाने ठरवा.

कव्हरचं चित्र चौरस हवं, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर वेबसाइटचा पत्ता, फोन नंबर किंवा कुठल्याही सेवेचा लोगो नको. एवढ्यावरूनच गाणं परत येतं. चित्रावरचं नाव आणि गाणं पाठवताना अर्जात भरलेलं नाव अक्षरशः एकच हवं. चित्र काढणाऱ्याचीही लेखी परवानगी घ्या.

तिसरी पायरी: डिस्ट्रिब्युटर निवडणं

स्पॉटिफायला किंवा ॲपलला आपण थेट गाणं देऊ शकत नाही. स्पॉटिफायने २०१८ मध्ये थेट अपलोडची चाचणी सुरू केली होती, पण २०१९ मध्ये ती बंद केली. म्हणून मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. तो गाणं सगळ्या सेवांकडे पोचवतो, मास्टरची रॉयल्टी गोळा करतो आणि तुम्हाला देतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी, डिट्टो, अम्यूज ही त्यातली माहितीची नावं.

यांच्या पैसे घेण्याच्या पद्धती ढोबळमानाने तीन आहेत. काही वार्षिक वर्गणी घेतात आणि रॉयल्टीतला वाटा मागत नाहीत. काही गाण्यामागे एकदाच शुल्क घेऊन वर कमिशन कापतात. काही सुरुवातीला फुकट असतात आणि कमिशनवर चालतात. कोणती पद्धत बरी, हे तुम्ही वर्षाला किती गाणी काढणार यावर ठरतं. दर दीड-दोन महिन्यांनी नवं गाणं येणार असेल तर वर्गणी परवडते. दोन वर्षांतून एखादं गाणं काढणाऱ्याला एकदाच शुल्क भरणं सोयीचं. वर्गणीच्या पद्धतीत एक प्रश्न विचारायलाच हवा: वर्गणी थांबवली तर माझी गाणी तशीच राहतील का? अनेक ठिकाणी ती काढली जातात, किंवा कायम ठेवण्यासाठी दर गाण्यामागे वेगळे पैसे मागतात. कलाकार दोन वर्षं आजारी पडला, घरच्या कामात अडकला, आणि मागे वळून पाहिलं तर त्याची सगळी गाणी गायब, असं घडतं.

कराराच्या मजकुरात आणखी काही गोष्टी शोधा. मास्टरची मालकी तुमच्याकडेच राहते असं स्पष्ट लिहिलेलं आहे का? करार एक्सक्लुझिव्ह आहे का, आणि बाहेर पडायला किती दिवसांची नोटीस लागते? सहकलाकारांना त्यांचा वाटा डिस्ट्रिब्युटरकडूनच परस्पर मिळण्याची सोय आहे का? ती असेल तर जरूर वापरा. दर महिन्याला हिशेब करून मित्रांना पैसे पाठवायचं काम चार महिन्यांत मागे पडतं आणि मैत्रीत उगाच कडवटपणा येतो. किमान किती रक्कम जमल्यावर पैसे काढता येतात, हेही बघा.

डिस्ट्रिब्युटर अमेरिकेतला असेल तर तो कराचा फॉर्म भरायला सांगेल. अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीसाठी तो डब्ल्यू-८बेन. तो रिकामा सोडला तर अमेरिकेतून आलेल्या रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. तुमच्या देशाचा अमेरिकेशी करविषयक करार असेल, तर हाच फॉर्म नीट भरून ही कपात कमी होते.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीसाठी खूण करायचा पर्याय डिस्ट्रिब्युटरच्या अर्जातच समोर येतो. ती केली की तुमचं गाणं इतर कुणाच्या व्हिडिओत वाजलं तर यूट्यूब ते ओळखतं आणि जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे वळवतं. सोय चांगली आहे, पण गाण्यातला प्रत्येक आवाज तुमचा स्वतःचा किंवा फक्त तुमच्यासाठी घेतलेला असेल तरच ही खूण करा. सगळ्यांना मिळणारा बीट किंवा लायब्ररीतला लूप (पुन्हापुन्हा वाजवायचा तयार तुकडा) वापरून ती केली, तर तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कलाकारांवर तुमच्या नावाने दावे लागतात. मग तक्रारी होतात आणि तुमचं खातं अडचणीत येतं.

चौथी पायरी: नावं आणि आकडे भरताना

अर्जातल्या या भागाला मेटाडेटा म्हणतात. कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सगळ्यात मोलाचं हेच. कलाकाराचं नाव एकदा ठरवा आणि प्रत्येक गाण्यात अगदी तसंच लिहा. रोमन लिपीत आपल्या नावांची दोन-तीन स्पेलिंगं सहज होतात. एका गाण्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं लिहिलं की दोन वेगळी प्रोफाइल तयार होतात आणि श्रोते विभागले जातात. नाव ठरवण्याआधी सगळ्या सेवांवर ते शोधून बघा. त्या नावाचा कुणी आधीच असेल तर बदल करा. पहिलं गाणं पाठवताना ‘मी नवा कलाकार आहे’ हा पर्याय निवडा, आणि दुसऱ्या गाण्यापासून आपल्या प्रोफाइलची लिंक द्या. नाहीतर तुमचं गाणं दूरच्या देशातल्या कुणा नामसाधर्म्य असलेल्या गायकाच्या पानावर जाऊन बसतं.

भाषेच्या रकान्यात गाण्याची खरी भाषा निवडा. मराठी गाण्यापुढे सोय म्हणून दुसरी भाषा निवडली तर ते चुकीच्या श्रोत्यांसमोर जातं, ते पाच सेकंदांत पुढे ढकलतात, आणि सेवेला वाटतं की गाणंच कुणाला आवडत नाही. गीतकार, संगीतकार, संयोजक यांची पूर्ण नावं त्यांच्या-त्यांच्या रकान्यात भरा. गाण्याच्या शीर्षकात ‘ऑफिशियल’, ‘नवीन’, वर्ष असली भरताड नको.

आता दोन कोड. पहिला आयएसआरसी. ही रेकॉर्डिंगची जगभरातली ओळख. त्यात १२ अक्षरं आणि अंक असतात: पहिली पाच कोड देणारा कोण ते सांगतात, पुढचे दोन अंक कोड दिल्याचं वर्ष, आणि शेवटचे पाच त्या वर्षातला अनुक्रमांक. डिस्ट्रिब्युटर तो सहसा आपोआप देतो. तो वाटणीपत्रावरच हाताने लिहून ठेवा, कारण गाणं पुढे कुठेही नेलं तरी हाच कोड सोबत जायला हवा. नवा मिक्स, लाइव्ह रेकॉर्डिंग किंवा वाद्यसंगीताची आवृत्ती काढली तर प्रत्येकीला नवा आयएसआरसी लागतो. दुसरा यूपीसी, जो सबंध प्रकाशनाचा म्हणजे सिंगलचा किंवा अल्बमचा असतो. रचनेचा कोड वेगळा, त्याला आयएसडब्ल्यूसी म्हणतात, आणि तो रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंद केल्यावर मिळतो.

पाचवी पायरी: तारीख

जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत आहे. शुक्रवारच घ्यायला हवा असा नियम नाही, पण नव्या गाण्यांच्या बहुतेक याद्या त्याच दिवशी बदलतात. तारीख कुठलीही घ्या, फाइल किमान चार आठवडे आधी पाठवा. गाणं परत आलं तर दुरुस्तीला वेळ राहतो, आणि स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं मांडायला खिडकी मिळते.

हे मांडणं म्हणजे ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधला छोटा फॉर्म. तो गाणं प्रकाशित होण्याआधीच भरता येतो, नंतर नाही. प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी भरला तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या ‘रिलीज रडार’ यादीत ते गाणं पडतं. फक्त यासाठी तरी तो भरावा, कारण संपादकीय प्लेलिस्टमध्ये जागा मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. फॉर्ममध्ये गाण्याचा प्रकार, मूड, वाद्यं विचारतात आणि थोडक्यात वर्णन मागतात. तिथे ‘हे गाणं काळजाला भिडेल’ असं लिहून उपयोग नाही. गाण्यात काय ऐकू येतं ते लिहा: संबळ आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र, ध्रुवपद चाळिसाव्या सेकंदाला, गायिका अमुक परंपरेतली, यापूर्वीचं गाणं कुठे वाजलं, व्हिडिओ कधी येतोय. दिवसभर शेकडो गाणी ऐकणाऱ्या माणसाला त्यावरून ठरवता येतं.

प्रोफाइलची कामं पटकन उरकतात. स्पॉटिफाय, ॲपल आणि ॲमेझॉन तिन्हींची कलाकारांसाठीची ॲप्स आहेत, तिथे आपलं पान ताब्यात घ्या. यूट्यूबवर ‘ऑफिशियल आर्टिस्ट चॅनल’साठी अर्ज करा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरने पाठवलेली गाणी आणि तुमचे व्हिडिओ एकाच ठिकाणी येतात. फोटो, चार ओळींची ओळख, गाण्याचे शब्द भरा. झालं.

सहावी पायरी: पैसे कसे वाटले जातात ते समजून घ्या

‘एका स्ट्रीमला किती मिळतात?’ हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. त्याचं एक ठरलेलं उत्तर नाही. बहुतेक सेवा महिन्याभरात वर्गणी आणि जाहिरातींतून जमलेल्या रकमेचा मोठा हिस्सा, स्पॉटिफायच्या बाबतीत साधारण दोन तृतीयांश, हक्कधारकांसाठी बाजूला काढतात. त्यातला बराच मोठा भाग मास्टरला जातो आणि लहान भाग रचनेला. मग देशवार, खात्याच्या प्रकारानुसार, एकूण स्ट्रीममध्ये तुमचा जितका वाटा तितकी रक्कम तुमच्या नावे पडते. म्हणून वर्गणी भरणाऱ्या श्रोत्याचा स्ट्रीम जाहिराती ऐकणाऱ्या श्रोत्याच्या स्ट्रीमपेक्षा जास्त देतो, आणि महाग वर्गणीच्या देशातला स्ट्रीम स्वस्त वर्गणीच्या देशातल्यापेक्षा जास्त. ॲपलने २०२१ मध्ये कलाकारांना लिहिलेल्या पत्रात आपली सरासरी साधारण एक सेंट सांगितली होती. ती सरासरी आहे, दर नव्हे.

या पद्धतीतली मेख एका उदाहरणाने लक्षात येते. समजा एका सेवेचे दोनच श्रोते आहेत आणि दोघंही सारखीच वर्गणी भरतात. पहिली श्रोती महिन्यात १० वेळा गाणी ऐकते, दहाही वेळा तुमचीच. दुसरा श्रोता ९९० वेळा दुसऱ्या कुणाची गाणी ऐकतो. एकूण स्ट्रीम १,०००, त्यात तुमचे १०. म्हणजे तुम्हाला एकूण रकमेच्या एक टक्का मिळतो. जिने संपूर्ण महिना फक्त तुम्हाला ऐकलं, तिच्या वर्गणीतला जवळजवळ सगळा भाग तिने कधीही न ऐकलेल्या कलाकाराकडे जातो. श्रोत्यागणिक वाटप केलं असतं तर वाटपाच्या रकमेतला निम्मा भाग तुमचा झाला असता. साउंडक्लाउड या सेवेने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी असं श्रोत्यागणिक वाटप सुरू केलं. डीझर या दुसऱ्या सेवेने २०२३ मध्ये वेगळा मार्ग घेतला: महिन्याला किमान ५०० वेगवेगळ्या श्रोत्यांकडून १,००० स्ट्रीम मिळवणाऱ्या कलाकारांना जास्त वजन द्यायचं. मोठ्या सेवा मात्र अजून एकत्र वाटपावरच आहेत. मला ही पद्धत निष्ठावान श्रोत्यावर आणि छोट्या कलाकारावर अन्याय करणारी वाटते, आणि कलाकारांनी त्याबद्दल बोलत राहायला हवं.

आणखी दोन आकडे ध्यानात असू द्या. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं की एक स्ट्रीम मोजला जातो. आणि २०२४ पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झालेल्या गाण्यालाच मास्टरची रॉयल्टी मिळते. त्याखालच्या गाण्यांचा पैसा वरच्या गाण्यांमध्ये वाटला जातो. ही अट गाण्यागणिक आहे. म्हणून सुरुवातीला एकदम बारा गाण्यांचा अल्बम काढून प्रत्येकाला शंभर-दोनशे स्ट्रीम मिळवण्यापेक्षा, एकेक गाणं वेळ देऊन काढणं आणि प्रत्येकाला आपले श्रोते मिळू देणं शहाणपणाचं.

स्पॉटिफायच्या ‘डिस्कव्हरी मोड’बद्दल विचारणा होते. त्यात गाणं रेडिओ आणि ऑटोप्लेसारख्या जागी जास्त वाजण्याची शक्यता वाढते, आणि तिथून आलेल्या स्ट्रीमच्या मास्टर रॉयल्टीवर ३० टक्के कमिशन द्यावं लागतं. नवीन गाण्यावर तो लावू नये असं माझं मत. एखादं जुनं गाणं आपोआप जतन केलं जातंय, पुन्हापुन्हा ऐकलं जातंय असं आकड्यांत दिसलं, तर त्याच्यावर करून बघा.

सातवी पायरी: रचनेची रॉयल्टी वेगळी मागावी लागते

डिस्ट्रिब्युटर फक्त मास्टरचे पैसे आणतो. शब्द आणि चालीचे पैसे दुसऱ्या वाटेने, रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांकडून येतात. जवळजवळ प्रत्येक देशात अशी संस्था असते: भारतात आयपीआरएस, ब्रिटनमध्ये पीआरएस, जर्मनीत गेमा, अमेरिकेत ॲस्कॅप आणि बीएमआय. तुम्ही स्वतः लिहिता किंवा चाल लावता तर एका संस्थेचं सदस्यत्व घ्या. तिथे तुम्हाला आयपीआय नावाचा क्रमांक मिळतो. तो वाटणीपत्रावर टाका. पुढे प्रत्येक गाणं स्वतः नोंदवा, टक्के वाटणीपत्रात आहेत तेच भरा. गीतकाराने ५० आणि संगीतकाराने ७० असं वेगवेगळं नोंदवलं तर तिढा सुटेपर्यंत दोघांचेही पैसे अडकतात. या संस्थांचे एकमेकींशी करार असतात, त्यामुळे परदेशी वाजलेल्या गाण्याचा हिशेबही तुमच्या संस्थेकडे येऊ शकतो.

अमेरिकेत रचनेच्या एका प्रकारच्या डिजिटल रॉयल्टीसाठी जानेवारी २०२१ पासून मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह काम करतं. तिथल्या इंटरनेट रेडिओवर वाजलेल्या रेकॉर्डिंगचे पैसे साउंडएक्सचेंज गोळा करतं: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांच्या निधीला. स्वतंत्र कलाकार पहिल्या दोन्ही जागी असतो, पण नोंदणी केल्याशिवाय ते ९५ टक्के त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

आठवी पायरी: स्ट्रीम विकत घेऊ नका

गाणं प्रकाशित झाल्याच्या आठवड्यात निरोप यायला लागतील: इतक्या पैशांत पन्नास हजार स्ट्रीम, अमुक प्लेलिस्टमध्ये पक्की जागा. यातले बहुतेक स्ट्रीम यंत्रं करतात. सेवा ते ओळखतात, मोजणीतून काढतात, रॉयल्टी थांबवतात. स्पॉटिफाय २०२४ पासून ढळढळीत खोटे स्ट्रीम असलेल्या गाण्यांसाठी डिस्ट्रिब्युटरलाच दंड लावतं, आणि डिस्ट्रिब्युटर तो तुमच्याकडून वसूल करून गाणं खाली उतरवू शकतो. याहून मोठं नुकसान लवकर दिसत नाही. यंत्रांनी ऐकलेल्या गाण्यावरून सेवेला खरा श्रोता कोण हे कळत नाही, आणि मग ती गाणं भलत्याच लोकांना सुचवत राहते.

कधी तुम्ही काहीच न करता अशा प्लेलिस्टमध्ये गाणं ओढलं जातं. एका रात्रीत एकाच शहरातून हजारो स्ट्रीम आले, पण जतन करणारे, फॉलो करणारे शून्य, असं दिसलं की त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून डिस्ट्रिब्युटरला लेखी कळवा. नंतर दंड आला तर हाच पुरावा कामी येतो.

प्लेलिस्ट चालवणाऱ्या खऱ्या माणसांना गाणं पाठवायला काहीच हरकत नाही. आधी त्यांची यादी ऐका, तुमचं गाणं तिथे शोभतं का बघा, आणि मग दोन ओळींत लिहा.

नववी पायरी: श्रोत्यांशी थेट धागा

स्ट्रीमिंग सेवा तुम्हाला श्रोत्यांचा आकडा दाखवतात, त्यांचे पत्ते देत नाहीत. उद्या सेवेने नियम बदलले तर त्या श्रोत्यांना निरोप द्यायलाही तुमच्याकडे काही नसतं. म्हणून पहिल्या गाण्यापासून ईमेलची किंवा मेसेजची स्वतःची यादी सुरू करा. मैफिलीनंतर भेटणाऱ्यांना विचारा, व्हिडिओच्या खाली लिंक द्या. शंभर नावं जमली तरी ती फार मोठी गोष्ट आहे. नव्या गाण्याच्या पहिल्या दिवशी हीच माणसं ऐकतात, जतन करतात, पुढे पाठवतात, आणि सेवेला पहिली खरी खूण तिथून मिळते.

ज्यांना पैसे देऊन गाणं विकत घ्यावंसं वाटतं त्यांच्यासाठी बँडकॅम्पसारखी जागा ठेवा. २००८ पासून चालणारी ही सेवा डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेते, वर पैसे पोचवण्याचा खर्च कापते, आणि उरलेलं कलाकाराला देते. तिथे एका माणसाने अल्बम घेतला तर स्ट्रीमिंगवरच्या शेकडो ऐकण्यांइतकी रक्कम एका वेळी मिळते.

दहावी पायरी: हिशेब वाचा, आणि गरज पडली तर जागा बदला

पहिला हिशेब यायला दोन-तीन महिने लागतात, कारण सेवा डिस्ट्रिब्युटरला उशिराने कळवतात. जी फाइल येते ती एक्सेलसारखी असते. प्रत्येक ओळीत विक्रीचा महिना, सेवेचं नाव, देश, आयएसआरसी, किती वेळा ऐकलं आणि किती मिळालं. पहिल्यांदा ती बघून डोकं गरगरतं. आयएसआरसीवर गाळणी (फिल्टर) लावा, म्हणजे एका गाण्याच्या ओळी तेवढ्या राहतात. मग देशावर लावा. अनपेक्षित देशातून सलग तीन महिने थोडे-थोडे स्ट्रीम दिसत असतील तर तिथे कुणीतरी मनापासून ऐकतंय. कार्यक्रमांचा विचार करताना ते उपयोगी पडतं. डिस्ट्रिब्युटरने दाखवलेले स्ट्रीम आणि कलाकारांच्या ॲपमधले स्ट्रीम त्याच महिन्यासाठी ताडून बघा. थोडा फरक असतो, निम्म्याचा फरक असेल तर लेखी विचारा.

डिस्ट्रिब्युटर बदलायचाच झाला तर क्रम चुकवू नका. आधी जुन्या खात्यातले सगळे आयएसआरसी आणि यूपीसी उतरवून घ्या, आणि सगळे हिशेब डाउनलोड करा. नव्या ठिकाणी तीच फाइल, तेच शीर्षक, तेच कलाकाराचं नाव, तोच आयएसआरसी देऊन गाणं पाठवा, आणि मूळ प्रकाशनाची जुनी तारीखही भरा. दोन्ही प्रती एकाच वेळी सेवेवर दिसू लागल्या, आणि स्ट्रीमचा जुना आकडा नव्या प्रतीवरही दिसायला लागला, की मग जुन्या ठिकाणी गाणं काढण्याची विनंती करा. कंटेंट आयडी लावलेलं असेल तर ते आधी जुन्याकडून सोडवून घ्या, नाहीतर तुमच्याच गाण्यावर तुमचेच दोन दावे भिडतात. जुनं खातं लगेच बंद करू नका. शेवटच्या महिन्यांचे पैसे तिथे उशिरा जमा होणार असतात.